गोलीला कॉलेजचा संघ कसा मिळतो: अमेरिका-कॅनडातल्या मराठी पालकांसाठी

हा लेख बर्फावरच्या हॉकीबद्दल आहे. तुमचं मूल गोलीचे (गोलरक्षकाचे) पॅड बांधतं, पंधरा-सोळा वर्षांचं झालंय आणि आता कॉलेजच्या संघात खेळायचं म्हणतंय, अशा घरांसाठी तो लिहिला आहे. आम्ही मुलाबरोबर या सगळ्यातून गेलो आहोत. इथल्या कुटुंबांना दोन-तीन पिढ्यांपासून जे ठाऊक असतं, ते आपल्याला रिंकच्या स्टँडमध्ये बसून विचारून विचारून गोळा करावं लागतं. ते एका जागी मिळावं एवढाच हेतू.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगते. फॉरवर्ड किंवा डिफेन्सच्या मुलांसाठी दिलेला सल्ला गोलीला जसाच्या तसा लावू नका. संघात वीस-बावीस स्केटर असतात, गोली साधारण तीन आणि त्यातला खेळतो एक. एखादा फॉरवर्ड मनात भरला तर कोच त्याला चौथ्या लाइनवर (सर्वांत कमी खेळणाऱ्या तुकडीत) का होईना, जागा करून देतो. गोली कितीही आवडला तरी त्या वर्षी जागा नसेल तर विषय संपला. म्हणून गोलीच्या बाबतीत आधी जागा शोधायची, मग कोच.

१. दरवाजे किती आणि कोणते

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना. तिच्या डिव्हिजन १ मध्ये पुरुषांचे साठाहून थोडे जास्त संघ आहेत. खेळासाठीची स्कॉलरशिप मुख्यतः इथे मिळते. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ ही आयव्ही लीगमधली कॉलेजं डिव्हिजन १ मध्ये असूनही खेळासाठी पैसे देत नाहीत. डिव्हिजन ३ मध्ये संघ जास्त आहेत, तिथेही खेळाची स्कॉलरशिप नाही. गरजेनुसार आणि गुणांवर मदत मिळते.

आपल्याकडे इंजिनिअरिंगकडे कल असलेली मुलं पुष्कळ. त्यांनी आरपीआय, क्लार्कसन, आरआयटी आणि मिशिगन टेक ही चार नावं लक्षात ठेवावीत. चारही ठिकाणी हॉकी डिव्हिजन १ ची आहे आणि अभ्यासही कसून करून घेतात.

तिसरा दरवाजा एसीएचएचा, म्हणजे क्लब हॉकीचा. खेळाडू स्वतः वर्गणी भरतात, प्रवासाचा खर्चही बराचसा त्यांचाच. याला कमी लेखू नका. पेन स्टेट आणि ॲरिझोना स्टेट हे आजचे डिव्हिजन १ चे संघ आधी क्लब म्हणूनच खेळत होते. मोठ्या विद्यापीठात आवडीचा विषय शिकत चांगल्या दर्जाची हॉकी खेळायची असेल, तर गोलीसाठी हा सरळ मार्ग आहे. कॅनडात यू स्पोर्ट्स, म्हणजे तिथल्या विद्यापीठांची स्पर्धा आहे. तिथे मेजर ज्युनिअर (कॅनडातल्या वरच्या ज्युनिअर लीग) खेळून आलेल्या मुलांची गर्दी असते.

मुलींचा रस्ता वेगळा. त्यांच्यात ज्युनिअरची, म्हणजे शाळा आणि कॉलेज यांमधल्या लीगची, लांब पायरी नाही. एकोणीस वर्षांखालच्या क्लब संघांतून किंवा प्रेप स्कूलमधून त्या थेट कॉलेजात जातात, म्हणून तयारी दोन वर्षं आधी सुरू करावी लागते.

२. रोस्टर वाचायला शिका

हे काम घरी बसून, फुकटात होतं, आणि नेमकं तेच बहुतेक पालक करत नाहीत. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर संघाची यादी असते. मुलाला अभ्यासाच्या आणि खर्चाच्या दृष्टीने चालतील अशी तीस-चाळीस कॉलेजं निवडा आणि एक तक्ता करा. रकाने असे: गोलीचं नाव, कितवं वर्ष, जन्मवर्ष, मागच्या हंगामात किती सामने खेळला, आधी कुठल्या लीगमध्ये होता, उंची.

अर्ध्या तासात चित्र दिसू लागतं. समजा एका कॉलेजात शेवटच्या वर्षाचा गोली अठ्ठावीस सामने खेळलाय, दुसरा तिसऱ्या वर्षात आहे आणि चारच सामने खेळलाय, तिसरा नवा आहे. म्हणजे पुढच्या वर्षी मुख्य गोली जातोय आणि कोचचा दुसऱ्यावर फारसा भरवसा दिसत नाही. तिथे हालचाल होणार. उलट जिथे पहिल्या वर्षाचाच गोली सगळे सामने खेळतोय, तिथे तुमच्या मुलाला तीन वर्षं बाकावर बसावं लागेल. कॉलेज कितीही आवडतं असलं तरी ते यादीत खाली न्या.

आता यातले सापळे. पहिला, ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी. मुख्य गोली गेला की कोच हल्ली नवशिक्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळलेला तयार गोली आणणं पसंत करतात. त्यामुळे मागच्या तीन वर्षांत त्या कॉलेजने गोली कुठून आणले, तेही तक्त्यात लिहा. ज्युनिअरमधून आणत असतील तर तुमच्या कामाचं.

दुसरा सापळा, आधीच 'कमिट' झालेले, म्हणजे त्या कॉलेजला यायचं कबूल केलेले गोली. रोस्टरवर ते दिसत नाहीत, पण त्यांच्यासाठी जागा धरलेली असते. ज्युनिअर लीगच्या याद्यांत खेळाडूच्या नावापुढे कॉलेजचं नाव लिहिलेलं असतं, तिथून हे कळतं.

तिसरा, २६ चा आकडा. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या हाउस खटल्याच्या (कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या) तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या डिव्हिजन १ कॉलेजांना पुरुष हॉकीत २६ खेळाडूंचीच मर्यादा आहे. पूर्वी चौथा गोली किंवा स्कॉलरशिपविना येणारा तिसरा गोली सहज सामावला जायचा, आता कोच हात आखडता घेतो. 'वॉक-ऑन म्हणून ये, बघू' असं कुणी म्हटलं तर कॉलेज त्या तडजोडीत आहे का, हे आधी विचारा.

३. ज्युनिअरची पायरी टाळता येत नाही

बारावी झाली की कॉलेज, हा आपला हिशेब इथे चालत नाही. मुलांच्या हॉकीत बारावीनंतर एक-दोन, कधी तीन वर्षं ज्युनिअर खेळून विसाव्या वर्षी कॉलेजात जाणं ही रीतच आहे, आणि गोलींच्या बाबतीत तर जास्तच. कारण गोली उशिरा पिकतो. आजी-आजोबांना फोनवर हे समजावणं अवघड जातं. पण ही वर्षं वाया गेलेली नसतात. कॉलेजचे कोच ज्युनिअरकडेच नजर लावून बसलेले असतात.

अमेरिकेत सर्वांत वर यूएसएचएल, त्याखाली एनएएचएल. या दोन्हींत आणि एनसीडीसी या लीगमध्ये खेळायचे पैसे घेत नाहीत. त्याखालच्या लीगमध्ये पालक हजारो डॉलर फी भरतात. कॅनडात बीसीएचएल, एजेएचएल, ओजेएचएल अशा लीग कॉलेजकडे नेणाऱ्या म्हणून आधीपासून ओळखल्या जातात. ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल या तीन मेजर ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्यांना डिव्हिजन १ चं दार बंद असायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून त्यांनाही प्रवेश मिळू लागला. तुमच्या मुलासाठी याचा अर्थ असा, की त्याच जागांसाठी आता आणखी कसलेले गोली रांगेत आहेत. डिव्हिजन १ चे काही उमेदवार त्यामुळे डिव्हिजन ३ कडे वळलेत आणि तिथलीही चुरस वाढली आहे.

कॉनर हेलेबायक मिशिगनमधल्या आपल्या शाळेच्या संघातून एनएएचएलमध्ये टेक्सासच्या ओडेसा संघाकडे गेला, तिथे २०११-१२ चा एक हंगाम खेळला आणि मग यूमास लोवेलला. २०१४ मध्ये कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम गोलीचा माइक रिक्टर पुरस्कार सुरू झाला, तो पहिल्याच वर्षी त्याला मिळाला; पुढे एनएचएलमध्ये तीनदा वेझिना ट्रॉफी, म्हणजे तिथल्या सर्वोत्तम गोलीचा मान. सोळाव्या वर्षी मोठ्या लीगने निवडलं नाही म्हणून घरात सुतक पाळू नये, यासाठी हे उदाहरण.

संघ निवडताना लीगच्या नावापेक्षा बर्फावर किती वेळ मिळेल ते पाहा. वरच्या लीगमध्ये दुसरा गोली म्हणून दहा सामने मिळणार असतील आणि खालच्या लीगमध्ये पस्तीस, तर पस्तीस घ्या. संघात गोलींसाठी वेगळा कोच आठवड्यातून किती वेळा येतो, हेही विचारा.

उन्हाळ्यातल्या 'प्री-ड्राफ्ट कॅम्प'पासून सावध. तिथे डझनावारी गोली बोलावतात, प्रत्येकाकडून फी घेतात, आणि संघाचे गोली कॅम्पआधीच ठरलेले असू शकतात. आमंत्रणात मुलाचं नाव आणि त्याच्या एखाद्या सामन्याचा उल्लेख नसेल, तर ते सगळ्यांना गेलेलं पत्र समजा. संघाला फोन करून एवढंच विचारा: पुढच्या वर्षी किती गोलींच्या जागा रिकाम्या आहेत? सरळ उत्तर आलं नाही तर पैसे वाचवा.

ज्युनिअर म्हणजे घर सोडणं. मूल बिलेट कुटुंबाकडे राहतं, म्हणजे त्या गावातलं एखादं कुटुंब त्याला आपल्या घरात ठेवून घेतं. शाकाहारी असेल तर संघाला आधीच कळवा आणि मुलाला डाळ-तांदूळ, अंडी, पास्ता स्वतः करायला शिकवून पाठवा. बिलेट कुटुंबं बहुधा मनाने फार मोठी असतात. दिवाळीचा डबा दोघांसाठी पाठवा.

४. अभ्यास: नववीपासून मोजला जातो

एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये (खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या कार्यालयात) नाव नोंदवावं लागतं. डिव्हिजन १ साठी १६ कोर विषय हवेत: इंग्रजी ४ वर्षं, गणित ३, विज्ञान २, समाजशास्त्र २, या पहिल्या तिघांतलं आणखी १, आणि इतर मान्य विषय ४. त्या विषयांत जीपीए किमान २.३. यातले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण व्हायला हवेत, आणि त्या दहांत ७ इंग्रजी-गणित-विज्ञानाचे. ही अट नीट वाचा. बारावीत धावपळ करून ती भरून काढता येत नाही.

आपल्या मुलांना २.३ ची भीती नसते. अडचण येते ती ऑनलाइन शाळेमुळे. खेळाच्या वेळापत्रकासाठी मूल ऑनलाइन शाळेत घातलं आणि तिचे विषय एनसीएएच्या मान्य यादीत नसले, तर चांगले गुणही मोजले जात नाहीत. शाळा बदलण्याआधी ती यादी तपासा.

एसएटी एनसीएएला लागत नाही, पण हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथसारख्यांनी प्रवेशासाठी चाचणी पुन्हा सक्तीची केली आहे. अकरावीतच देऊन मोकळं व्हावं. ज्युनिअरच्या बसप्रवासात तयारी होत नाही.

गोलीसाठी गुणपत्रक हे हत्यार आहे. सारख्याच दर्जाचे दोन गोली समोर असले, तर कोच प्रवेश-कार्यालयात ज्याचं काम सोपं होईल त्याला घेतो. ॲमहर्स्ट, बोडिन, विल्यम्स अशा डिव्हिजन ३ कॉलेजांत बारावीआधीच्या उन्हाळ्यात कोच मुलाचं गुणपत्रक प्रवेश-कार्यालयाला आगाऊ दाखवतो. तिथून होकार आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

५. व्हिडिओ आणि ईमेल

व्हिडिओ तीन मिनिटांचा पुरे. संगीत नको, स्लो मोशन नको. उडी मारून हातमोज्यात झेललेला पक (हॉकीची चकती) बघायला छान वाटतो, पण जाणकार कोच मनात म्हणतो, हा आधीच जागेवर असता तर उडी मारावी लागली नसती. त्याला पाहायचं असतं: समोर गर्दी असताना गोली पक कसा शोधतो, पहिला फटका अडवल्यावर दुसऱ्यासाठी किती लवकर सावरतो, पोस्टला चिकटून कसा बसतो, जाळीमागे जाऊन पक कसा खेळतो. सोबत दोन पूर्ण सामन्यांचे दुवे द्या, त्यातला एक हरलेला. गोल लपवणाऱ्या गोलीवर कोचचा विश्वास बसत नाही.

ईमेलच्या विषयाच्या ओळीतच सगळं यावं: नाव, जन्मवर्ष, गोली, पक कुठल्या हाताने झेलतो, उंची, संघ, बारावीचं वर्ष. आत सात-आठ ओळी. याच कॉलेजला का लिहितोय ते एका वाक्यात, आणि ते खरं असावं: 'तुमचे दोन गोली २०२७ मध्ये पदवी घेतायत, मी त्याच वर्षी येऊ शकतो' असं लिहिणाऱ्या मुलाने गृहपाठ केलाय हे लगेच कळतं. मग जीपीए, सेव्ह पर्सेंटेज (अडवलेल्या फटक्यांची टक्केवारी), पुढच्या महिन्याचे सामने रिंकच्या नावासकट, आपल्या गोली-कोचचा फोन नंबर. गोलींचं काम पाहणाऱ्या असिस्टंट कोचला पत्र पाठवा आणि मुख्य कोचला प्रत.

हे पत्र मुलाने लिहायचं. आपल्या घरांत फॉर्म भरण्यापासून शिक्षकांशी बोलण्यापर्यंत सगळं आई-बाबा करतात, त्यामागे माया असते. पण इथे बाबांच्या पत्त्यावरून आलेलं पत्र मुलाला मागे ढकलतं. कोचला चार वर्षं मुलाबरोबर काढायची आहेत. तुम्ही तक्ता सांभाळा, तारखा सांभाळा, पत्र वाचून शुद्धलेखन सांगा. 'पाठवा'चं बटण त्याला दाबू द्या.

६. स्काउट नक्की काय पाहतो

सप्टेंबरात मिनेसोटातल्या ब्लेनला एनएएचएलचा शोकेस, म्हणजे सगळ्या संघांचे सामने भरतात, एकाच छताखाली आठ रिंक आणि शेकडो स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे). गणपती बहुधा त्याच सुमाराला असतात, त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमाला नाही म्हणायची तयारी ठेवा.

गोली पाहायला आलेला माणूस स्टँडमध्ये बसत नाही. तो काचेपाशी, गोलच्या कोपऱ्यात उभा राहतो, आणि दुसऱ्या पिरियडला बाजू बदलली की चालत पलीकडे जातो. त्याची नजर पकपेक्षा गोलीच्या स्केटवर असते: फटका सुटायच्या आधी पाय थांबले का, की अजून सरकतायत? वॉर्मअपमध्ये हा प्रत्येक पकचा माग काढतो की वेळ काढतो?

आणि गोल झाल्यावरचे दहा सेकंद. एक गोली काठी पोस्टवर आपटतो, डिफेन्सकडे हात पसरून बघतो. दुसरा जाळीवरची बाटली उचलतो, एक घोट घेतो, समोरचा बर्फ स्केटने साफ करतो आणि उभा राहतो. दुसऱ्याने त्या सामन्यात पाच गोल खाल्ले तरी त्याचं नाव वहीत राहतं. स्टँडमधून हातवारे करणाऱ्या पालकांचंही राहतं, ते वेगळ्या पानावर.

७. कोच कधी बोलू शकतो

पुरुषांच्या डिव्हिजन १ मध्ये दहावीच्या वर्षातल्या १ जानेवारीपासून कोच फोन, मेसेज, ईमेल करू शकतात. तोंडी प्रस्ताव आणि कॉलेजभेटी अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून. त्याआधी पत्राला उत्तर येत नाही ते नियमामुळे. तो नकार समजू नका. डिव्हिजन ३ मध्ये बरीच मोकळीक आहे. तोंडी कमिटमेंट दोन्ही बाजूंना बांधील नसते. कोच बदलला, पोर्टलमधून गोली आला, तर ती हवेत विरते. मदतीचा लेखी करार हातात येईपर्यंत इतर कॉलेजांशी बोलणं सभ्यपणे चालू ठेवावं.

सल्लागार नेमायचा असेल तर काहीही सही करण्याआधी त्याचा पात्रतेवर परिणाम होतो का, हे एलिजिबिलिटी सेंटरला लेखी विचारा.

८. पासपोर्ट भारतीय असेल तर

हा भाग इथल्या पुस्तिकांत सापडत नाही, म्हणून नीट वाचा.

अमेरिकेत मूल एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असेल तर २१ व्या वाढदिवसाला तो दर्जा संपतो. ज्युनिअर खेळून विसाव्या वर्षी कॉलेजात गेलेलं मूल पहिल्याच वर्षात एकवीस पूर्ण करतं. म्हणजे कॉलेज निवडतानाच एफ-१ चा (विद्यार्थी व्हिसाचा) विचार हवा. ग्रीन कार्डची रांग आपल्यासाठी किती लांब आहे ते वेगळं सांगायला नको. इमिग्रेशनच्या वकिलाशी ज्युनिअर सुरू होण्याआधी बोला, नंतर नाही. फाफ्साची सरकारी मदत एच-४ किंवा एफ-१ वाल्यांना मिळत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडिन ही कॉलेजं मात्र परदेशी विद्यार्थ्यांचीही आर्थिक गरज न पाहता प्रवेश देतात आणि मग ती पूर्ण भागवतात. या सगळ्यांना हॉकीचा संघ आहे.

मूल कॅनडाचं नागरिक असेल तर त्याला कॉलेजचा आय-२० फॉर्म आणि सेव्हिस शुल्काची पावती पुरते, पासपोर्टवर व्हिसा लागत नाही. पीआर (कायम रहिवासी) आणि भारतीय पासपोर्ट असेल तर वकिलातीत जाऊन एफ-१ व्हिसा घ्यावा लागतो. बफेलो किंवा डेट्रॉइटच्या स्पर्धेसाठी संघाची बस निघते, तेव्हाही त्या मुलाला अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा लागतो. उलट दिशेने, एच-४ वरच्या मुलाला टोरांटोत खेळायला कॅनडाचा व्हिसा हवा. हंगामाचं वेळापत्रक येण्याची वाट पाहू नका.

एफ-१ वर असताना जाहिरात, प्रायोजक, कॅम्पमध्ये शिकवण्याचे पैसे यांपैकी काहीही स्वीकारण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा. बाकीच्या खेळाडूंना जे चालतं ते या दर्जात नोकरी धरलं जाऊ शकतं.

९. भेटीला गेल्यावर विचारायचं

मुलाने कोचला विचारावं: मी येईन त्या वर्षी माझ्याखेरीज कोण गोली असतील? मागच्या तीन वर्षांत तिसऱ्या गोलीला किती सराव मिळाला? गोली-कोच पूर्णवेळ आहे का? बाहेरगावच्या सामन्यांना तिसरा गोली जातो का? आणि संघातल्या बाकावरच्या गोलीशी एकट्याने पाच मिनिटं बोलावं. खरी माहिती त्याच्याकडे असते.

पालकांनी आर्थिक मदत कार्यालयात विचारावं: मूल जखमी झालं, किंवा त्याने हॉकी सोडली, तर यातली कुठली मदत टिकते?

१०. एका फाइलमध्ये ठेवायची कागदपत्रं

- नववीपासूनची सगळी गुणपत्रकं. देश किंवा राज्य बदललं असेल तर आधीच्या शाळांचीही
- एलिजिबिलिटी सेंटरचा क्रमांक आणि मान्य विषयांची यादी
- चाचणीचा निकाल
- प्रत्येक हंगामाचे आकडे: सामने, सेव्ह पर्सेंटेज, गोल्स अगेन्स्ट ॲव्हरेज
- पूर्ण सामन्यांचे दुवे, तारखेनुसार
- ज्युनिअर संघाशी झालेला प्रत्येक करार, फीच्या पावत्यांसह
- पासपोर्ट, व्हिसा, आय-७९७ किंवा पीआर कार्ड, संपायच्या तारखा वर लिहून
- दोन वर्षांचे आयकर विवरण. आर्थिक मदतीच्या अर्जात हेच आधी मागतात
- कन्कशन (डोक्याला बसलेला मार) किंवा कंबरेची दुखापत झाली असेल तर डॉक्टरांचे अहवाल. गोलींना कंबरेचा त्रास नेहमीचा आहे, कॉलेजचा डॉक्टर विचारतोच